माझ्या स्वयंपाकघरात भाजलेला माणूस

कागदावर पाहिलं तर माझे सासरे तीनदा भाजले, आणि तिन्ही वेळा माझ्या स्वयंपाकघरात. प्रत्यक्षात त्या माणसाने आयुष्यात कधी स्वतःचा चहासुद्धा गरम करून घेतला नाही.

ते एका मोठ्या लॉन्ड्रीत बॉयलर सांभाळत. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं त्यांच्या वाफेवर धुतलं जायचं. एकोणतीस वर्षं. दाबाच्या काट्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता, कारण तो काटा कधीचा एकाच आकड्यावर अडकला होता. बाबा पाइपाच्या जोडाजवळ कान नेत आणि म्हणत, "आज बाईसाहेबांचं डोकं फिरलंय." बॉयलर म्हणजे बाईसाहेब. मी नुसती सूनबाई.

पहिल्यांदा हात भाजला तेव्हा मालकांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाले, "घरी भाजलं म्हणून सांगा, खर्च मी देतो. एक जरी अपघात नोंदला गेला तर विमा कंपनी हप्ता वाढवेल, नाहीतर बॉयलरच बंद करायला लावेल. चाळीस माणसं कुठे जातील?" बाबांनी चाळीस माणसांचा विचार केला. माझा कुणीच केला नाही. 'घरी, उकळतं पाणी सांडून' या ओळीखाली सही माझी. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा नर्स माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी मान खाली घातली. सासऱ्याला छळणारी सून, दुसरं काय वाटणार तिला!

विमा कंपनीचा सर्वेअर वर्षातून एकदा बॉयलर तपासायला यायचा, तोही आधी कळवून. आदल्या दिवशी बॉयलरला रंग लागायचा. हा दारातूनच फोटो काढायचा, रजिस्टर चाळायचा, अपघात एकही नाही म्हणून 'धोका कमी' लिहून निघून जायचा. बाबा चार पावलांवर उभे असायचे. त्यांना एक शब्द विचारला असता तर काय बिघडलं असतं? त्या माणसाचा मला अजून राग येतो.

शेवटच्या वर्षी बाबा जेवताना मध्येच थांबायचे, घास हातात, कान दाराकडे. "जोड शिट्टी घालायला लागलाय," म्हणायचे.

"मालकांना सांगा ना, बाबा."

"सांगितलं. म्हणाले, कंपनीनेच धोका कमी लिहिलाय, तुम्ही काय त्यांच्यापेक्षा शहाणे?"

एका मंगळवारी दुपारी जोड फुटला. डावा डोळा जागीच गेला. उजवा वाचेल, डॉक्टर म्हणाले, पण तीन आठवड्यांत ऑपरेशन झालं तर. तेवढा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता. आता झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून मालकांनीही मुकाट्याने विम्याच्या दाव्यावर सही केली.

सर्वेअर चौकशीला आला तो आमच्या घरी. माझी शेगडी पाहिली, पातेल्यांचे कान हलवून पाहिले. बाबा पट्ट्यांआडून ओरडले, "अहो, बॉयलर बघा ना!" त्याने शांतपणे तीन कागद टेबलावर मांडले.

"ही सही तुमचीच?"

"माझीच. पण ते खोटं होतं. मालकांनी सांगितलं म्हणून..."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

त्याने तिन्ही कागद गोळा करून बॅगेत घातले.

पत्र तेविसाव्या दिवशी आलं. जखमी व्यक्ती मुळातच निष्काळजी, घरीही वारंवार अपघात, सबब दावा नामंजूर. बाबांना ते मीच वाचून दाखवलं, कारण तोवर उजव्या डोळ्यापुढेही अंधार झाला होता. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बॉयलरबद्दल काही लिहिलंय?" काही नव्हतं.

दावा फेटाळला, म्हणून तो मोजलाही गेला नाही. लॉन्ड्रीचं रजिस्टर कोरं ते कोरंच. जोडाला ठिगळ लागलं, वर रंग लागला, आणि मालकांनी मोठ्या मनाने बाबांची जागा माझ्या नवऱ्याला दिली. नाही म्हणायची आमची ऐपत नव्हती.

काल तो मनगटाला ओलं फडकं गुंडाळून आला. दवाखान्याच्या खिडकीशी त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बोलूच दिलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "लॉन्ड्रीत भाजलंय. बॉयलरवर."

खिडकीतल्या बाईंनी आमचा पत्ता टाकला. पडद्यावर जुन्या नोंदी आल्या. त्यांनी त्या सावकाश वाचल्या, मला नीट न्याहाळलं आणि आवाज खाली आणून नवऱ्याला विचारलं, "घरात लहान मुलं आहेत का?"