बॅटऱ्यांच्या खिशांची बंडी

मास्तरांविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही. त्यांचं शिवणाचं दुकान कुठल्या गल्लीत होतं, हेही मला ठाऊक नाही. आमची ओळख हृदयाच्या इस्पितळातल्या बाकावरची. दोघांच्याही छातीत पंप, पोटातून बाहेर आलेली वायर, खांद्याला बॅटऱ्यांची पिशवी. दोघंही बदली हृदयाची वाट पाहत होतो.

पंप रक्त एकसारखं ढकलतो, त्यामुळे मनगटाला ठोका लागत नाही. मास्तर म्हणायचे, "काका, आता माझ्याकडे एकच नाडी उरली, पायजम्याची!" शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, डोळे वटारायच्या.

पिशवीच्या पट्ट्याने माझा खांदा सोलवटला होता. तो पाहून म्हणाले, "बॅटऱ्यांना खिसे असलेली बंडी शिवतो. माप नको. आपण दोघं एकाच ताग्यातून बेतलेले." खरंच होतं ते. उंची, अंगलट, रक्तगटसुद्धा एक. म्हणजे एकाला चालेल ते हृदय दुसऱ्यालाही चालणार. दोघांनाही कळत होतं.

एका सकाळी दोघांनाही फोन आला. पहिला नंबर मास्तरांचा. ऐनवेळी त्यांच्यात काही निघालं तर हृदय वाया जाऊ नये, म्हणून मलाही उपाशीपोटी बोलावलेलं. मी घरी परतायच्या तयारीनेच गेलो होतो. डॉक्टरांनी त्यांची पट्टी सोडली, तर वायरीच्या भोकाशी पू. अंगात ताप. नव्या हृदयाबरोबर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. त्यात तो जंतू आवरला नसता. हृदय मला मिळालं.

मी हिंडूफिरू लागेपर्यंत जंतू रक्तात पसरून मास्तर गेले होते. पुढे वहिनी बंडी घेऊन आल्या.

"हीच शिवताना ह्यांच्या पोटाची वायर मशीनच्या ड्रॉवरच्या मुठीत अडकली. हे तसेच झटक्यात उठले, वायर ओढली गेली नि तिथेच चिघळलं. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते, पण मला राहवेना."

बंडी मला चपखल बसते. एका खिशाला झाकण आहे, दुसऱ्याचं राहिलंय.

त्या फोनच्या सकाळी मला ऑपरेशनला आत नेताना मास्तर शेजारच्या खाटेवर बसून होते.

"काका, खिसे काढून टाकू का आता?"

"असू द्या हो. चष्मा ठेवीन."

"मग झाकणं लावतो. वाकलात की पडायचा."

"बरं," मी म्हणालो.