बांधाबाहेरचा तिवर

माझं माहेर रोह्याकडचं, खांब गावाच्या आत डोंगराला लागून. तिथे भात आणि वाल. खाडी कशी असते ते मी लग्नाआधी पाहिलंही नव्हतं. दिलं पेणच्या खारेपाटात, खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत. पहिल्याच दिवशी बांधावर उभी राहून पलीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बापाने कुठे आणून टाकली! नजर पोचेल तिथपर्यंत चिखल. त्यात तिवराची खुरटी झाडं, मधूनच चिखलातल्या निवट्या माशांच्या उड्या, आणि कुजलेला वास. ना जमीन, ना पाणी.

बांधाच्या अलीकडे मात्र आमचं शेत होतं. भरतीचं खारं पाणी बांधाने अडवायचं, पावसाचं गोडं पाणी ओहोटीला उघाडीतून बाहेर सोडायचं, एवढ्यावर सगळ्या गावाचं भात उभं. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. ती सांभाळायचे माझे सासरे. कुठल्या तिथीला भरती किती चढणार ते त्यांना पंचांग न बघता कळायचं. गावात त्यांच्या शब्दाला मान होता तो या उघाडीमुळे.

आमच्याकडे सासरा सुनेशी तोंडावर बोलत नसे. निरोप सासूमार्फत यायचे, पण सासू मी येण्याआधीच गेलेली. नवरा नागोठण्याला कंपनीत. आज रात्रपाळी, उद्या दिवसपाळी, घरी आला की झोप. त्यामुळे सासरे खोकायचे. घरात शिरताना एक खोकला, जेवायला वाढायचं तर दोन. मला दोन महिन्यांत ती भाषा येऊ लागली, निदान मला तसं वाटायचं.

खारेपाटातली शेती मला आळशीपणाची वाटली. नांगर नाही, लावणी नाही. मोड आलेलं बियाणं चिखलात फेकायचं की झालं. नांगरलं तर खालचा खार वर येतो, हे मला कोण सांगणार? घरामागे उंचवट्यावर एक तुकडा होता. तिथे मी माहेरच्या रीतीने राब भाजायचं ठरवलं. राब म्हणजे फांद्या, पाला, शेण रचून रोपांची जागा जाळायची. आमच्या डोंगरात फांद्यांना काय तोटा! इथे झाड औषधालाही नाही. होता तो फक्त बांधाबाहेरचा तिवर.

दोन उन्हाळे मी ओहोटीला कोयता घेऊन उतरले. आमच्या शेतासमोरचा तिवर भारा भारा करून आणला. पहिल्या वर्षी रोपं अशी तरारली की शेजारणी बघायला आल्या, आणि मी फुशारले. एका दुपारी सासरे अंगणात भाऱ्यापाशी उभे राहून किती तरी वेळ खोकत होते. मला वाटलं तंबाखूचा ठसका. मी तांब्याभर पाणी नेऊन ठेवलं. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेले.

दुसऱ्या वर्षी श्रावणातल्या उधाणाला भर दुपारी वारा सुटला. इतर ठिकाणी लाटा तिवरात शिरून थकत होत्या, बांधापर्यंत येईतो त्यांच्यात जोर उरत नव्हता. आमच्या समोर त्यांना अडवायला कुणीच नव्हतं. बघता बघता बांधाला खांड पडली आणि गुडघाभर वाढलेल्या भातात समुद्र शिरला. आमच्या एकट्याच्या नव्हे, साऱ्या गावाच्या. तेव्हा मला त्या चिखलाचा अर्थ कळला. ती जागा रिकामी नव्हती, गावाच्या आणि समुद्राच्या मध्ये ती उभी होती. आमची चिंबोरी, आमचे जिताडे मासे तिथेच लहानाचे मोठे होत होते, आणि मी ती जाळायला नेली.

भरतीचा जोर उतरल्यावर, भांगाच्या दिवसांत, खांड बांधायला घरटी एक माणूस आलं. बायका ओळीने उभ्या राहून चिखलाचे गोळे पुढे देत होत्या. मीही देत होते. तुटलेले बुंधे सगळ्यांना दिसत होते. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तिवर कुणी तोडला?"

माझ्या हातात गोळा होता. तोंड उघडलं असतं तर झालं असतं.

"मीच तोडला," सासरे म्हणाले.

कुणी भांडलं नाही. "तुमी? तुमाला ठाव नाय?" एवढंच तो म्हातारा बोलला. पुढच्या अमावास्येला उघाडी दुसऱ्याकडे गेली.

त्या संध्याकाळी सासरे ओटीवर बसले होते. मी दाराआड रडत होते. ते खोकले नाहीत, सरळ बोलले. "तुला ठाव नव्हता गो. मना ठाव होता, नि मी सांगितला नाय. मंग तोडला कुणी?"

याचं खरं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते गावाला द्यायचं होतं. तेवढं धाडस मला झालं नाही, आणि त्याची लाज मला अजून आहे. जमिनीतला खार तीन पावसाळ्यांत धुऊन गेला. मी त्या जागी तिवराचं बी टोचलं, ते रुजलंही. सासरे मात्र प्रत्येक भरतीला उठून अंगणाच्या टोकापर्यंत जायचे, खाडीकडे बघायचे, आणि आता आपलं तिथे काम नाही हे आठवलं की परत येऊन बसायचे. असं कित्येक वर्षं. आणि मी रोज ठरवायचे, आज गावाला सांगेन.

ते गेले तेव्हा माणसं अंगणात बसली होती. कुणीतरी म्हणालं, "मानूस सोन्यासारखा. जल्मात येकच चूक केली, तिवर तोडला." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी दारात उभी होते. ऐकलं, आणि आत गेले.