कांबळेबाईंच्या अंगणातला कॅमेरा

कॅमेरे बसवणाऱ्याकडं किस्से लई साठतात. रेकॉर्डर निदान जुनं पुसून नवं भरतो, आपल्या डोक्याला ती सोय नाय! एकट्या कांबळेबाईंच्या घराचेच घ्या.

उस्मानपुऱ्यात माझं आणि सलीमचं दुकान. कांबळेबाई रिटायर्ड शिक्षिका, चिकलठाण्याला एकट्या राहतात. मुलगा संदीप पुण्यात. त्याची अट सरळ होती. "आई मला मोबाईलवर रोज नीट दिसली पाहिजे. नाही तर तिला इकडं घेऊन येणार."

पुण्याचं नाव काढलं की बाई ताटावरून उठायच्या. आम्हाला म्हणाल्या, "पोरांनो, चांगला बघून लावा. माझं घर तुमच्या हातात आहे."

*

आमची पद्धत अशी, की कॅमेरा आधी गिऱ्हाइकाच्याच घरी लावून बघायचा. चोर नेहमी सलीम.

तोंडाला रुमाल बांधून सलीम भरदुपारी बाईंच्या कंपाउंडवरून उतरला. शेजाऱ्यांना सांगायचं राहून गेलं होतं.

रेकॉर्डिंगमध्ये मारणाऱ्या सगळ्यांचे चेहरे स्वच्छ आले. मी म्हटलं, "पिक्चर एक नंबर आहे!"

सलीम म्हणाला, "दुसरी कंपनी बघू."

*

दुसऱ्या कॅमेऱ्याला स्पीकर होता. संदीपनं पुण्याहून विचारलं, "गोळी घेतली का?"

बाई आत होत्या. अंगणात गॅसवाला सिलेंडर उतरवत होता. तो जागीच ताठ उभा राहिला. "व्हय साहेब, सकाळीच घेतली. बीपीची."

बाई म्हणाल्या, "हाच ठेवा. कुणाची तरी चौकशी होतेय."

*

मग एक दिवस संदीपचा फोन. "स्क्रीन काळी झालीय! आई दिसत नाही, फोनही उचलत नाही, पळा!"

आम्ही जालना रोडनं गाडी हाणत गेलो. घराला कुलूप. थोड्या वेळानं बाई मेथीची जुडी घेऊन निवांत आल्या. घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायची त्यांची जन्माची सवय.

सलीम म्हणाला, "बाई, चोर तर तेव्हाच येणार ना!"

"मी घरात नसताना त्या कॅमेऱ्यानं बघायचं काय? भिंती?"

उत्तर फोनवरून संदीपनं दिलं. "बास झालं. रविवारी येतो. आई, बॅग भरून ठेव."

*

रविवारी आम्ही सेट उतरवायला गेलो. बॅग दारात होती. बाई तिच्याशेजारी बसलेल्या. मला फार वाईट वाटत होतं.

संदीप म्हणाला, "काढायच्या आधी मागचं रेकॉर्डिंग दाखवा."

रोज सकाळी तेच. बाई स्टूल ओढतात, भिंतीला धरून वर चढतात, पदरानं काच पुसतात आणि कॅमेऱ्यात बघून विचारतात, "दिसतंय का रे नीट?"

या वयात स्टुलावर! मी मनात म्हटलं, आता तर संपलंच.

संदीपनं ते दोनदा मागं नेऊन बघितलं. मग म्हणाला, "काढा तो तिथून."

सलीमनं स्क्रू ड्रायव्हर घेतला.

"आणि खाली लावा. आईचा हात पोचेल इतका."

"साहेब, मग चोराचा बी हात पोचंल की!"

"पोचू दे."

बाईंनी बॅग उचलून आत नेली.