एबेरार्दोंचा योग्य मोसम

मेक्सिकोतल्या आमच्या एर्मोसियो शहरात काँक्रीट कधी ओतावं हे विचारायचं तर एबेरार्दोंना. जन्मभर बस चालवलेला माणूस. छताशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांच्याच घराचा वरचा मजला छताविना उभा होता. भिंतींतून सळया वर आलेल्या, गंजू नयेत म्हणून प्रत्येकीवर पालथी बाटली. बाटल्या मात्र ते नेमाने बदलत.

त्या मजल्यावर त्यांची लेक नूबिया नवऱ्यासोबत राहायला जायची होती. तोवर दोघं खाली बैठकीच्या खोलीत, पडद्याआड.

"पपा, कधी हो?"

"उन्हाळ्यात ओतलं तर तडे जातात. पावसाळ्यात वाहून जातं. हिवाळा! त्यासारखा मोसम नाही."

हिवाळ्यात ग्वादालुपेमातेचा सण, मग नाताळ, मग जानेवारीत तीन राजांचा सण. गवंडी शुद्धीवर असतात कुठे? ते शुद्धीवर आले की वारा सुटे. वारा पडेतो गवंड्यांचा क्रूसाचा सण, आणि पाठोपाठ उन्हाळा हजर. एबेरार्दोंचं एकही कारण खोटं नसे, याचाच वैताग यायचा.

मी त्यांची शेजारीण. माझ्या वरच्या खोलीचं छत मी भर जूनच्या उन्हात ओतलं. पहाटेच गवंडी चढवले, मग छतावर ओली पोती, दिवसभर पाण्याचा पाइप, आणि रिवाजाप्रमाणे खाली सगळ्यांसाठी कढईभर मांस.

एबेरार्दो कुंपणावरून ओरडले, "एल्विराबाई, छत भाजताय की काय?"

"तुम्ही तुमच्या बाटल्या पुसा!"

तडा गेलाच, केसाएवढा. पुढच्याच आठवड्यात नूबिया आली, पोटावर हात ठेवून. "काकू, ही खोली आम्हाला भाड्याने देता?"

"अगं, तडा आहे."

"असू दे. दार आहे ना?"

ऑगस्टमध्ये नात झाली. एबेरार्दो बघायला आले आणि त्यांनी आधी वर तड्याकडे बघितलं. "म्हटलं नव्हतं मी? आता बघ, या हिवाळ्यात नक्की ओततो."

"हिवाळ्यात आम्ही दूर तिख्वानाला राहायला चाललोय, पपा. तुमच्या जावयाला तिकडे काम लागलंय."

ते नातीला वारा घालू लागले. इतकी वर्षं मला त्यांचा राग होता; तेव्हा मात्र त्यांची कीव आली.

डिसेंबरात, नूबिया गेल्यावर, ऐन सणात त्यांनी गवंड्यांच्या हातापाया पडून छत ओतलं. मग मला हाक मारली, "एल्विराबाई, बघा तरी! एक तडा दाखवा."

मी वर गेले. खरंच नव्हता. खोली इतकी रिकामी होती, की आमचं बोलणं घुमत होतं.