ओठाला गार लागलं तर

लाकडाला पाण्याचा भारी सोस. गळाला बांधायची मासोळी कितीही सुबक कोरा, तिचं अंग नीट बंद केलं नाही तर ती तळ्याचं पाणी पीत राहते, फुगते, रंग टाकते आणि मग कुठल्याच माशाला फसवायच्या लायकीची राहत नाही. हे ऑस्मो जन्मभर सगळ्यांना सांगत आला, कुणी विचारो न विचारो. कोरलेल्या लाकडावर आधी जवसाचं कढत तेल, मग रंग, मग व्हार्निशच्या डब्यात बुडी, आणि शेवटी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, तुळईला टांगणं. मासोळ्या टांगलेल्या असल्या की शनिवारीसुद्धा सौना तापवायची नाही, कारण वाफेनं व्हार्निश पांढरं पडतं. शेजारी म्हणायचे, ऑस्मोच्या घरी माणसं पारोशी आणि मासे चकचकीत.

डोळे मात्र त्याची बायको हिल्का काढायची. पिवळ्या ठिपक्यात काळा ठिपका, आणि काळ्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढी पांढरी जागा. रंग वाळला की नाही हे ठरवण्याचा मानही तिचाच. मासोळी उचलून ती खालच्या ओठाला लावायची. गार लागली तर आत ओल आहे. बोटांना ते कळत नाही, ओठाला कळतं. "थांब जरा, उतावळ्या," ती म्हणायची, आणि तो डब्याचं झाकण परत लावायचा. गुडघ्याला बाशिंग बांधणाऱ्यातलाच तो. एकदा तिला न विचारता त्याने सगळ्या मासोळ्या बुडवल्या आणि सगळ्यांच्या अंगावर फोड आले. तेव्हापासून त्याने त्या बाबतीत तिच्याशी वाद घातला नाही.

आता हिल्का विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात होती. विसरभोळी हा आपला म्हणायचा शब्द. तिला मुलगी आठवत नव्हती, घर आठवत नव्हतं, आणि ऑस्मोला ती कधी दुधवाला समजायची, कधी पाद्री. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. ऑस्मोने मान डोलावली आणि घरी येऊन नवी मासोळी कोरायला घेतली. डोळे सोडून सगळी रंगवली आणि रंगाच्या डब्या, बारीक ब्रश यांसकट तिच्या खोलीत नेऊन ठेवली. हिल्काने एकदा, फक्त एकदा, डोळे काढले तर ती आत कुठेतरी आहे, असं त्याने ठरवून टाकलं होतं. बुडत्याला काडीचा आधार. काडी तरी बिचारी काय करणार!

सबंध हिवाळा मासोळी आंधळी राहिली. तो रोज जायचा, तिला वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवून भरवायचा आणि मासोळीकडे न बघितल्यासारखं करायचा.

तळ्यावरचा बर्फ वितळण्याआधी काळा पडायला लागला त्या सुमारास एका दुपारी तो गेला, तर यॉन्ना नावाची परिचारिका दारातच उभी होती. आजी जेवणानंतर आपणहून बसल्या आणि रंगवलं, म्हणाली. दोन्ही डोळे होते. एक जरा वर चढलेला, पण पांढरी जागा दोन्हींत होती. ऑस्मो तिथेच बाकावर बसून हातमोज्यात तोंड घालून रडला. हिल्का झोपली होती. ती उठेपर्यंत तो थांबला नाही, मासोळी घेऊन निघाला.

रंग वाळायला पुरता दिवस लागतो, हे त्याला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण दिवसभर हिल्का भानावर राहील की परत हरवेल, याची त्याला खात्री नव्हती. सकाळी तिच्या हातात चकचकीत मासोळी द्यायची, तिला आठवतंय तोवर. घरी येऊन अंगातला कोटही न काढता त्याने ती बुडवली. वर काढली तेव्हा डोळे सुटले होते आणि पोटावरून काळे ओघळ डब्यात उतरत होते. फडक्याने टिपायला गेला तर उरलेलंही पुसलं गेलं.

ती तशीच वाळली. टाकून देणं त्याच्याने झालं नाही. काही दिवसांनी तो ती खिशात घालून गेला आणि हिल्काच्या हातात ठेवली. तिने ती उचलून खालच्या ओठाला लावली.

"ओली असताना बुडवली ही," ती म्हणाली. मग तिने त्याच्याकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, अदबीने. "तुम्ही आमच्याकडे जाता का हो? तळ्याकाठी?"

"जातो."

"तिथे माझे यजमान आहेत. मनाने चांगले, पण उतावळे. त्यांना म्हणावं, मी घरी आले की डोळे काढते. तोवर काही बुडवू नका."

"सांगतो," ऑस्मो म्हणाला. "थांबेल तो."