पेज की सुरी

“कापा मला, आजच कापा,” आमच्या वटार गावातले शेजारचे काका ईस्टरच्या सोमवारी फोनवर डॉक्टरांना ओरडून सांगत होते. आदल्या दिवशी डुकराच्या मटणाचा टोप त्यांनी एकट्याने खरवडला होता. छातीतली जळजळ अशी, की काका ढेकर देतात तेव्हा कुंपणापलीकडचे माझे केळीचे घड उभ्याउभ्या पिकतात.

हे ओरडणं दरवर्षीचं. डॉक्टर ऑपरेशनची तारीख देतात, ती एकेका लग्नाच्या जेवणासाठी पुढे सरकते. मग ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस येतात. देवाच्या धाकाने काका पेज पितात, जळजळ थांबते आणि “फुकट कापणार होते मला,” म्हणत ते तारीख रद्द करतात.

यंदा मात्र तपासणीत अन्ननलिकेला जखम निघाली. डॉक्टरांनी बजावलं, आता टाळाटाळ नको. काकूंनी संमतीचा कागद नवऱ्यापुढे ठेवला. काकांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. मला राहवलं नाही.

“काका, उपासात तुम्ही ठणठणीत असता. मग वर्षभर तसंच जेवा ना, सुरी कशाला?”

मी जणू त्यांची वाडीच लिहून मागितली, असं काकांनी माझ्याकडे पाहिलं. कागद ओढला आणि सही ठोकली.

“त्यापेक्षा कापलेलं बरं,” ते म्हणाले.