आउनेच्या पाठीमागचा बाक

आउने सालोक्कानेन कुओपिओच्या मेडिकल कॉलेजात आम्हाला कातडीचे रोग शिकवायची. शिकवायची म्हणजे काय, अंधाऱ्या खोलीत पडद्यावर चित्र टाकायची आणि डोळा लवतो न लवतो तोच काढून घ्यायची. तेवढ्यात रोगाचं नाव सांगायचं. कुणी "कडा जरा तुटक दिसते..." असं सुरू केलं की तिचा पारा चढे.

"वर्णन कोण मागतंय? बाजारात आई दिसली तर आधी तिचं नाक तपासतेस का गं?"

पुढे पुढे डोळा असा तयार झाला की बसमध्ये पुढच्या माणसाची मान दिसली तरी नाव आपोआप ओठांवर येई. मला त्याची भीतीच वाटायची. म्हणूनच आउनेची सक्त ताकीद होती: न विचारता कुणाला काही सांगायचं नाही. आणि सॉनात, वाफेच्या त्या गरम खोलीत, तर बघायचंसुद्धा नाही. हे खरं तर सांगायची गरज नव्हती. सॉनात शेजारच्या उघड्या अंगाकडे बघणं म्हणजे आमच्याकडे चोरीच.

अभ्यास संपला की दरवर्षी ती वर्गातल्या मुलींना तळ्याकाठच्या आपल्या सॉनात बोलवायची. तशी आमचीही पाळी आली. रक्तदाबामुळे ती खालच्या बाकावर बसली, मुली तिच्या मागे, वरच्या बाकावर. मी शेगडीच्या दगडांवर पाणी टाकत होते, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे माझ्यासमोर होते.

आउनेने मोकळे केस वर बांधायला घेतले. वर बसलेल्या हिल्काचं हसणं अर्ध्यावर थांबलं. मग तिच्या शेजारणीचं बोलणं तुटलं. तिसरीने मान खाली घातली. सगळ्यांना काहीतरी दिसलं होतं आणि एकही बोलायला तयार नव्हती. मला त्यांचा संतापच आला.

शेवटी हिल्का म्हणाली, "आउने, तुझ्या पाठीवर डाग आहे."

आउने वळली नाही. "नाव?"

"मेलॅनोमा."

कातडीच्या कर्करोगांत याच्याइतका घातक दुसरा क्वचितच.

"बोट फिरव. वर आलाय?"

"हो. चांगलाच."

"केवढा?"

"अंगठ्याच्या नखाएवढा."

"ओळखायला किती वेळ लागला?"

"लागलाच नाही."

दगड चरचरत होते. मी पाणी टाकायचं थांबवलं. आउने हातातल्या टॉवेलची उगाच घडी घालत बसली होती, आणि तिचा आवाज अगदी वर्गातल्यासारखा होता.

"एवढा व्हायला वेळ लागतो. गेल्या वर्षीच्या मुलीही तिथेच बसल्या होत्या."

"तेव्हा नसेल," मी म्हटलं. "किंवा त्यांना दिसला नसेल."

"दिसला असणार," आउने म्हणाली. "मीच शिकवलंय त्यांना."